‘स्टेम सेल’चे इंजेक्शन : औषध किती, बाजार किती?

मागच्या महिन्यात विहाराच्या सभागृहात आमचे बीपी-शुगर तपासणीचे शिबिर होते. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक मावशी आल्या. जय भीम केला आणि पिशवीतून चार घड्या घातलेला रंगीत कागद काढून आमच्या टेबलावर ठेवला. “सिस्टर, हे खरं आहे का, एवढंच सांगा. खरं असेल तर मी गळ्यातली पोत मोडते.”

त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला ल्युपस आहे. गालांवर लाल चट्टे येतात, बोटांचे सांधे सुजतात, मधूनमधून ताप येतो. दीड वर्षापासून मेडिकल कॉलेजच्या ओपीडीतून औषधे सुरू आहेत. आजार बराच आटोक्यात आहे, पण स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल झाला म्हणून पोरगी कॉलेजात जायला लाजते. कागदावर लिहिले होते : ‘तुमच्याच शरीरातील स्टेम सेल. साईड इफेक्ट नाही. स्टेरॉइडपासून कायमची सुटका.’ खाली रोगांची यादी होती. ल्युपस, संधिवात, दमा, सोरायसिस, लकवा, सगळे एकाच रांगेत. तीन इंजेक्शने, एक लाख ऐंशी हजार रुपये. ऐंशी हजार बचत गटातून उचलायचे, बाकीचे दागिने मोडून, असे घरात ठरत आले होते. क्लिनिकच्या माणसाने फोनवर आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती. इंजेक्शनच्या आधी पंधरा दिवस सगळ्या गोळ्या बंद करायच्या.

त्या कागदावरचे सगळेच खोटे असते तर आमचे काम सोपे झाले असते. पण स्टेम सेल ही खरी गोष्ट आहे. प्रतिकारशक्ती भडकून होणाऱ्या एका जीवघेण्या आजारावर तिचे औषधही निघाले आहे. खऱ्याच्या शेजारी खोटे बसवले की ओळखणे अवघड जाते. म्हणून या वेळी आरोग्य पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे.

प्रतिकारशक्ती जास्त झाली तर?

टीव्हीवर रोज ऐकतो, प्रतिकारशक्ती वाढवा. त्यामुळे ती जितकी जास्त तितकी चांगली, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तसे नाही.

वस्तीत रात्री चोर शिरला तर पोरे काठ्या घेऊन धावतात. चोर पळाला की काठ्या खाली ठेवून घरी जातात. हे ठीक झाले. पण समजा, चोर गेल्यावरही काठ्या थांबल्या नाहीत, आणि अंधारात घरच्याच माणसाला चोर समजून बडवायला सुरुवात झाली, तर? शरीरात असेच होऊ शकते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. लढताना त्या एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात, ‘इकडे या, आणखी या’. त्या जागी सूज, लाली, ताप, वेदना येते. याला दाह म्हणतात. जंतू मेल्यावर ‘आता पुरे’ असा निरोप जायला हवा. तो गेला नाही, किंवा पेशींनी आपल्याच शरीराला परके मानले, तर दाह चालूच राहतो.

ल्युपसमध्ये हा हल्ला त्वचा, सांधे आणि मूत्रपिंडावरही होतो. आमवातात सांध्यांच्या अस्तरावर होतो. कोविडच्या काळात अनेकांची फुप्फुसे विषाणूपेक्षाही या भडक्याने जास्त खराब झाली. अशा आजारात प्रतिकारशक्ती वाढवायची नसते, तिला आवर घालायचा असतो. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही औषधे तेच काम करतात.

स्टेम सेल दोन प्रकारच्या, हे आधी लक्षात घ्या

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. तिच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात. बाजारात हा एकच शब्द चालतो, पण आपल्या विषयापुरते दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत.

पहिला प्रकार रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचा. त्या हाडांच्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये असतात. ल्युकेमिया, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा आजारांत दात्याच्या या पेशी रुग्णाला देतात. त्यालाच बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतात. हा जगभर मान्य झालेला उपचार आहे. विदर्भातल्या आपल्या घरांना सिकलसेल नवीन नाही, त्यामुळे हे नाव अनेकांनी ऐकलेले असेल.

दुसरा प्रकार मेसेंकायमल पेशींचा. याही बोन मॅरोत असतात, शिवाय चरबीत आणि बाळाच्या नाळेतही सापडतात. प्रयोगशाळेत यांच्यापासून हाड, कूर्चा, चरबी तयार करता येते. म्हणून १९९१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनी यांना ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ हे नाव दिले. पुढे लक्षात आले की रुग्णाच्या शरीरात या पेशी नवा अवयव घडवत नाहीत. शिरेतून दिल्या तर बहुतेक फुप्फुसात अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. पण तेवढ्या वेळात त्या भडकलेल्या पांढऱ्या पेशींना शांत करणारे निरोप सोडतात. मघाच्या गोष्टीत काठ्या खाली ठेवायला सांगणारी वस्तीतली म्हातारी, तसे यांचे काम. २०१७ मध्ये कॅप्लन यांनी स्वतःच लिहिले की यांच्या नावातले ‘स्टेम सेल’ काढून टाका, त्यामुळे लोकांची दिशाभूल होते.

मावशींच्या कागदावर जी स्टेम सेल होती ती या दुसऱ्या प्रकारची. आणि क्लिनिक बोलत होते पहिल्या प्रकाराच्या यशाबद्दल.

जिथे हे खरोखर औषध ठरले

बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये एक मोठा धोका असतो. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरात शिरतात आणि त्या शरीरालाच परके समजतात. मग त्वचा, आतडी, यकृत यांच्यावर हल्ला सुरू होतो. याला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज म्हणतात, थोडक्यात जीव्हीएचडी. अंगावर पुरळ येते, कातडी सोलते, दिवसाला कित्येक लिटर जुलाब होऊ शकतात, कावीळ होते. पहिला उपचार स्टेरॉइडच. त्यानेही आटोक्यात आले नाही तर जीव वाचवणे फार अवघड असते.

२००४ मध्ये स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या डॉक्टरांनी नऊ वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. ट्रान्सप्लांटनंतर त्याच्या आतड्यांवर आणि यकृतावर सर्वांत तीव्र दर्जाचा जीव्हीएचडी झाला होता, कुठलेच औषध लागू पडत नव्हते. डॉक्टरांनी त्याच्या आईच्या बोन मॅरोतल्या मेसेंकायमल पेशी वाढवून त्याला दिल्या. जुलाब थांबले, कावीळ उतरली.

पण एका मुलाला गुण आला म्हणून औषध सिद्ध होत नाही. २००९ मध्ये २६० रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत ठरवलेल्या मुख्य कसोटीवर पेशी दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत फरक दिसला नाही. लहान मुलांत मात्र काही आशा दिसली. म्हणून नंतर ५४ मुलांवर वेगळा अभ्यास झाला. ही सगळी मुले स्टेरॉइड लागू न पडलेली. त्यांतल्या ७० टक्के मुलांमध्ये अठ्ठावीस दिवसांत आजार पूर्ण किंवा काही प्रमाणात कमी झाला. पूर्ण नाहीसा झाला तो ३० टक्क्यांत.

एवढ्यावरही अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, लगेच परवानगी दिली नाही. २०२० मध्ये नाकारली, २०२३ मध्ये पुन्हा नाकारली. अधिक पुरावा मागितला. प्रत्येक बॅचमधल्या पेशी सारख्याच दमाच्या आहेत हे दाखवायला सांगितले. शेवटी १८ डिसेंबर २०२४ रोजी ‘रायोन्सिल’ या नावाने परवानगी मिळाली. अमेरिकेत मान्यता मिळालेले हे मेसेंकायमल पेशींचे पहिले औषध. जपानने अशाच एका औषधाला २०१५ मध्ये मान्यता दिली होती.

आता परवानगी कशासाठी आहे ते नीट वाचा. दोन महिन्यांवरील मुले, ट्रान्सप्लांटनंतरचा तीव्र जीव्हीएचडी, आणि स्टेरॉइड लागू न पडलेला. बस, एवढेच. यात ल्युपस नाही, संधिवात नाही, दमा नाही.

हे औषध बनते कसे, तेही पाहा. निरोगी दात्याचा बोन मॅरो घेतात, तपासलेल्या कारखान्यात पेशी वाढवतात, जंतूंसाठी तपासतात, गोठवून ठेवतात. रुग्णाच्या प्रत्येक किलो वजनाला वीस लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे देतात. एका वेळच्या औषधाची जाहीर किंमत १,९४,००० डॉलर आहे, म्हणजे दीड कोटी रुपयांहून जास्त. ही किंमत न्याय्य आहे का, गरिबाच्या लेकराला ते कधी मिळणार, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. पण या कारखान्यातली वस्तू आणि रस्त्यावरच्या क्लिनिकात एका दुपारी पोटाची चरबी काढून संध्याकाळी टोचलेले पाणी, या दोन गोष्टी एक नाहीत.

जिथे आशा वाटली, पण टिकली नाही

२०२० मध्ये कोविड भरात असताना न्यूयॉर्कमध्ये व्हेंटिलेटरवरच्या बारा रुग्णांना याच पेशी दिल्या गेल्या. नऊ जण व्हेंटिलेटरवरून उतरले. जगभर बातमी झाली. मग रीतसर चाचणी सुरू झाली. अर्ध्यांना पेशी, अर्ध्यांना पेशी नसलेले, दिसायला तसेच द्रावण. कोणाला काय दिले ते रुग्णाला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नाही. २२२ रुग्णांनंतर, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले, कारण पेशींमुळे मृत्यू कमी होताना दिसत नव्हते. पहिले बारा जण खोटे नव्हते. पण ते पेशींमुळे वाचले की चांगल्या आयसीयूमुळे, हे तुलना केल्याशिवाय कळत नाही. “आमच्या शेजारच्याला फरक पडला” या वाक्यात हीच अडचण असते.

दुसरे उदाहरण क्रोन्स या आतड्यांच्या दाहाचे. त्यात गुदद्वाराजवळ भगेंद्रासारखी छिद्रे पडतात. चरबीतल्या मेसेंकायमल पेशींचे एक औषध युरोपने २०१८ मध्ये त्यासाठी मान्य केले. पुढच्या मोठ्या चाचणीत ते टिकले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात अमेरिकेत रायोन्सिलला परवानगी मिळाली त्याच महिन्यात, हे औषध युरोपच्या बाजारातून मागे घेतले गेले.

आणि ‘साईड इफेक्ट नाही’ म्हणतात त्याबद्दल. अमेरिकेच्या फ्लोरिडात २०१५ मध्ये तीन स्त्रियांच्या पोटातली चरबी काढून, तिच्यातल्या ‘स्टेम सेल’ दोन्ही डोळ्यांत टोचल्या. दृष्टी सुधारेल असे सांगितले होते. तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली. त्यांनी प्रत्येकी ५,००० डॉलर भरले होते, आणि आपण वैज्ञानिक चाचणीत सहभागी आहोत असा त्यांतल्या काहींचा समज होता. २०१८ मध्ये अमेरिकेतच नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या दूषित इंजेक्शनांमुळे बारा जण रक्तातल्या आणि सांध्यातल्या जंतुसंसर्गाने दवाखान्यात दाखल झाले. पेशी तुमच्याच असोत की दुसऱ्याच्या, अस्वच्छ जागी हाताळल्या की जंतू शिरतात. आणि ज्याची प्रतिकारशक्ती आधीच औषधांनी दाबलेली आहे, त्याला असा संसर्ग झेपत नाही.

आपल्या देशात नियम काय?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये स्टेम सेलबाबत राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा अर्थ साध्या शब्दांत असा : रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा नेहमीचा उपचार आहे. त्यापलीकडचा वापर फक्त मंजूर चाचणीत करायचा, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

बंगळूरच्या एका कंपनीच्या मेसेंकायमल पेशींना केंद्राच्या औषध नियंत्रकांनी परवानगी दिली आहे. ती आधी बर्जर रोगासाठी मिळाली. विडी-तंबाखूमुळे पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडतात तो हा रोग. नंतर गुडघ्याच्या झिजेसाठी मिळाली. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण परवानगी ठरावीक उत्पादनाला आणि ठरावीक आजाराला असते. ‘स्टेम सेल’ या नावाच्या सगळ्याच इंजेक्शनांना ती लागू होत नाही.

असा कागद हातात आला तर हे विचारा

१. माझ्या या आजारासाठी या औषधाला भारतात परवानगी आहे का? परवानगीचा कागद दाखवा. ‘परदेशात चालते’ हे उत्तर नाही.

२. ही चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? एथिक्स कमिटी कोणती? नंतर तो क्रमांक आपल्या ओपीडीच्या डॉक्टरांना दाखवा. नोंदणी आहे म्हणून सगळे ठीक, असेही समजू नका.

३. चाचणी असेल तर पैसे कशाचे? पैसे मागितले की उठून या.

४. संमतिपत्र मराठीत द्या. घरी नेऊन वाचतो, मग सही करतो. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई हा २०१९ च्या नियमांनुसार आपला हक्क आहे.

५. चालू गोळ्यांचे काय? जो कोणी तुमच्या डॉक्टरांशी न बोलता गोळ्या बंद करायला सांगतो, त्याच्याकडून काहीही टोचून घेऊ नका.

एकाच इंजेक्शनात दहा रोग बरे करण्याचा दावा दिसला तर जाहिरात जपून ठेवा, फोटो काढा. ठरावीक आजार बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायद्याने बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. एकट्याने नको वाटत असेल तर महिला मंडळाच्या लेटरहेडवर करा.

स्टेरॉइड एकदम बंद करू नका

या लेखातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी हे राहू द्या. काही आठवडे स्टेरॉइड घेतले की मूत्रपिंडांवरच्या ज्या ग्रंथी रोज स्वतः स्टेरॉइड बनवतात, त्या मंदावतात. गोळी अचानक बंद केली तर शरीराकडे स्वतःचेही नसते आणि बाहेरचेही नसते. उलट्या, चक्कर, बीपी खाली जाणे, बेशुद्धी, आणि वेळेत उपचार न मिळाल्यास मृत्यू. शिवाय दबलेला आजारही उसळून येतो. डोस कमी करायचाच असतो, पण डॉक्टरांच्या सांगण्यावरून, टप्प्याटप्प्याने.

ल्युपसच्या मुलींच्या आईवडिलांनी आणखी काही गोष्टी पाहाव्यात. लघवीला फेस येतो का, पाय किंवा डोळ्यांखाली सूज येते का? तसे दिसले तर लगेच लघवीची तपासणी करा, मूत्रपिंडावर हल्ला होत असू शकतो. उन्हात ओढणी, पूर्ण बाह्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू असेल तर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. ताप आला तर मेडिकलच्या दुकानातून परस्पर गोळी न घेता ओपीडी गाठा. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे मूल घरात असेल तर बोन मॅरो ट्रान्सप्लांटबद्दल सरकारी दवाखान्यातच विचारा. सख्ख्या भावंडाशी पेशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. भावंड जुळले नाही तर दात्यांच्या नोंदणीत शोध घेतात. जुळणी बहुधा आपल्यासारख्याच समाजगटातल्या माणसाशी होते, म्हणून आपल्या तरुणांनी दाता म्हणून नाव नोंदवणे फार गरजेचे आहे. त्यासाठी गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना घेतात, एवढेच.

त्या दिवशी मावशींना आम्ही हे सगळे एका बैठकीत सांगू शकलो नाही. दोनच गोष्टी सांगितल्या, गोळ्या आजच सुरू करा आणि उद्या ओपीडीला चला, आम्ही सोबत येतो. गोळ्या बंद करून दोनच दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी ओपीडीतल्या मॅडमनी मुलीला समोर बसवून चेहरा का सुजला ते समजावले, लघवी आणि रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि डोस कसा हळूहळू उतरवायचा याचा तक्ता लिहून दिला. त्या मुलीला याआधी कोणी हे समजावून सांगितलेच नव्हते. ते कोणी आधीच सांगितले असते तर तो कागद त्यांच्या घरात एवढा टिकला नसता.

पुढच्या शिबिराला येताना घरातल्या औषधांची पिशवी, रिपोर्ट, आणि असा एखादा कागद कोणी दिला असेल तर तोही घेऊन या. पैसे भरण्याआधी या. आपण बसून एकत्र वाचू.